विमानतळाची वाढ आणि विमानतळाची वाट

१. प्रवासाचे खरे अंतर

विमानप्रवासाचा विचार करताना सामान्यतः विमानाच्या वेगाचाच विचार केला जातो. परंतु उतारूचा प्रवास विमान जमीन सोडते तेव्हा सुरू होत नाही. तो घराचा उंबरठा ओलांडल्यापासून सुरू होतो आणि मुक्कामाचे दार उघडेपर्यंत चालतो. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

चेन्नई नगराच्या दक्षिणेस, मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर कोवलम नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथील एका गृहस्थास मुंबईस जावयाचे आहे असे समजू. कोवलमपासून मीनंबाक्कम येथील चेन्नई विमानतळ सडकेने सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. किनारी रस्त्याने उत्तरेस येऊन तोरैपाक्कम–पल्लावरम मार्गाने जाता येते, किंवा केळंबाक्कमवरून वंडलूरकडे जाऊन तेथून मोठ्या दक्षिण मार्गाने नगराच्या दिशेने परतता येते. कोणताही मार्ग घेतला तरी गर्दीच्या वेळी सव्वा तास धरावाच लागतो. सुटण्याच्या वेळेपूर्वी दोन तास विमानतळावर पोचावे अशी अपेक्षा असते. आकाशातील प्रवास सुमारे दोन तासांचा. मुंबईस उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास आणि शहरात इच्छित स्थळी पोचण्यास आणखी एक तास. ही बेरीज पावणेसात तासांची होते, आणि तीत प्रत्यक्ष उड्डाणाचा भाग एक तृतीयांशाहूनही कमी आहे.

विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढविला, तर या गृहस्थाचा वेळ दहा-बारा मिनिटांनी वाचेल. उलट, विमानतळाची वाट सुधारली तर अर्धा-पाऊण तास सहज वाचू शकेल. म्हणून विमानतळाच्या वाढीचा प्रश्न हा केवळ धावपट्टीचा प्रश्न नसून रस्ता, आगगाडी, बस, वाहनतळ आणि जमीन या सर्वांचा मिळून एकच प्रश्न होय. त्याचे स्वरूप समजून घेण्यास चेन्नईचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. तेथे एक जुना विमानतळ वस्तीने वेढला गेला आहे आणि दुसऱ्या विमानतळाची योजना एका शेतीप्रधान मुलखात आखली गेली आहे.

२. मीनंबाक्कमची जागा

टाटांच्या हवाई टपाल-वाहतुकीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर विमान आणले आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासकडे नेले. या हवाई मार्गाचे दक्षिणेकडील टोक मद्रास होते, आणि मद्रासच्या नैर्ऋत्येकडील मीनंबाक्कम हे देशातील जुन्या विमानतळांपैकी एक ठरले.

ही जागा त्या काळी शहराबाहेर होती, तरी ती वाटेपासून दूर नव्हती. जवळूनच दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता होता आणि त्यालगत तांबरमला जाणारी उपनगरी आगगाडी होती. या मार्गावर १९३१ साली, म्हणजे टाटांच्या टपाल-विमानाच्या आदल्या वर्षीच, विजेवर चालणाऱ्या गाड्या सुरू झाल्या होत्या. आजही विमानतळाच्या समोर, रस्त्यापलीकडे, तिरुसूलम हे उपनगरी स्थानक आहे. विमानतळाच्या दारात आगगाडी असणे ही सोय जगातील अनेक मोठ्या नगरांना पुष्कळ उशिरा मिळाली.

परंतु ज्या गोष्टींनी ही जागा सोयीची केली, त्यांनीच पुढे तिची वाढ अडविली. एका बाजूस रस्ता व लोहमार्ग, त्यापलीकडे तिरुसूलम-पल्लावरमच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस अड्यार नदी आणि सभोवार दाट वस्ती, अशी सुमारे तेराशे एकरांची ही भूमी बंदिस्त झाली. येथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका पट्टीवर विमान उतरत असताना दुसरीवरून त्याच क्षणी दुसरे सोडणे शक्य होत नाही. यास्तव दोन पट्ट्या असूनही काम दुप्पट होत नाही. मुंबईच्या विमानतळाचीही हीच अडचण आहे.

दुय्यम धावपट्टी लांबविण्यासाठी अखेर ती अड्यार नदीवर पूल बांधून पलीकडे न्यावी लागली. नदीच्या पात्रावरून धावपट्टी नेणे हे स्थापत्यदृष्ट्या साध्य होते, पण नदी आपली वाट विसरत नाही. १ डिसेंबर २०१५ रोजी अतिवृष्टीने अड्यारला महापूर आला, पाणी विमानतळात शिरले आणि उड्डाणे काही दिवस बंद ठेवावी लागली. ४ डिसेंबर २०२३ रोजी मिचौंग चक्रीवादळाच्या पावसाने धावपट्टी पुन्हा पाण्याखाली गेली. सपाट व सखल जमीन विमानांना जशी मानवते, तशीच ती पाण्यालाही मानवते. हा धडा पुढे परंदूरच्या संदर्भात पुन्हा आठवावा लागेल.

३. क्षमता कशी मोजतात

एखादा विमानतळ वर्षाकाठी किती उतारूंची सोय करू शकतो हा आकडा वर्तमानपत्रांत येतो. ८ एप्रिल २०२३ रोजी चेन्नई येथील नव्या एकात्मिक इमारतीच्या पहिल्या भागाचे उद्घाटन झाले, तेव्हा विमानतळाची वार्षिक क्षमता २ कोटी ३० लाखांवरून ३ कोटींवर गेली असे सांगण्यात आले. दुसरा भाग पूर्ण झाल्यावर ती साडेतीन कोटी व्हावयाची होती.

परंतु योजनाकारास वार्षिक आकड्यापेक्षा गर्दीच्या तासाचा आकडा अधिक महत्त्वाचा असतो. घरातील जिना वर्षातून किती वेळा वापरला जातो यावरून त्याची रुंदी ठरत नाही. एका वेळी किती माणसे त्यावर येतील यावरून ती ठरते. तद्वतच विमानतळाचे दार, तपासणीच्या रांगा, सामानाचे पट्टे आणि बाहेरचा रस्ता यांची मापे गर्दीच्या तासावरून ठरवावी लागतात.

यासाठी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने एक ठोकताळा सुचविला होता. वर्षाला दोन ते तीन कोटी उतारू असलेल्या विमानतळावर गर्दीच्या तासात वर्षाच्या संख्येच्या सुमारे ०.०४ टक्के उतारू येतात असे त्यात धरले आहे. लहान विमानतळावर हे प्रमाण अधिक असते, कारण तेथील विमाने दिवसातील थोड्याच वेळांत एकवटलेली असतात. चेन्नईसाठी वर्षाला २ कोटी २० लाख उतारू धरले, तर गर्दीच्या तासात येणारे व जाणारे मिळून सुमारे ८,८०० होतात. त्यांतील निम्मे, म्हणजे ४,४०० जण, प्रस्थान करणारे असे समजू. पुढील हिशेब या आकड्यावर आधारलेला आहे. तो चेन्नईची मोजणी नसून केवळ रीत समजावी म्हणून घेतलेला आहे.

४. दारापुढील कठडा

विमानतळाच्या इमारतीपुढे जेथे मोटारी क्षणभर थांबतात आणि उतारू सामानासह उतरतात, त्या पदपथाच्या कडेस कठडा म्हणू. हा भाग दिसण्यात क्षुल्लक असला, तरी अनेकदा सबंध विमानतळाची कोंडी येथेच होते.

गर्दीच्या तासातील ४,४०० उतारूंपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३,३००, मोटारीने येतात आणि एका मोटारीत सरासरी दोन उतारू असतात असे धरू. मोटारींची संख्या १,६५० झाली. प्रत्येक मोटार तीन मिनिटे थांबते असे मानल्यास कठड्यावरील एका जागेचा तासात वीस मोटारींना उपयोग होतो. यावरून ८३ जागा लागतील. एका जागेस सात मीटर लांबी धरली, तर कठडा सुमारे ५८० मीटर लांब हवा.

आता समजा की, निरोपाचे बोलणे लांबले आणि प्रत्येक मोटार तीनऐवजी चार मिनिटे थांबली. मग एका जागेवर तासात पंधराच मोटारी येतील, ११० जागा लागतील आणि कठड्याची लांबी ७७० मीटर होईल. एका मिनिटाची किंमत १९० मीटर बांधकाम! विमानतळावरील पहारेकरी वाहनांना थांबू देत नाहीत याची तक्रार नेहमी ऐकू येते. त्या घाईचे गणित हे असे आहे.

कठडा वाढविण्याचा एक उपाय म्हणजे तो दोन मजली करणे. वरच्या मजल्यावर जाणारे आणि खालच्या मजल्यावर येणारे उतारू अशी विभागणी चेन्नईत केलेली आहे, व त्यासाठी उन्नत रस्ता बांधलेला आहे. मुंबईतही २०१४ साली नव्या टर्मिनलबरोबरच सहारचा उन्नत रस्ता खुला झाला. पण हाही उपाय एकदाच करता येतो. तिसरा मजला सहसा कोणी चढवीत नाही.

दुसरा उपाय मोटारींची संख्याच कमी करण्याचा. वरील उदाहरणात मोटारीने येणाऱ्यांपैकी केवळ एक चतुर्थांश उतारू, म्हणजे तासाला ८२५ माणसे, मेट्रो गाडीने आली, तर मोटारी १,२३८ उरतात, जागा ६२ लागतात आणि कठडा सुमारे ४३५ मीटर पुरतो. चार डब्यांच्या एका मेट्रो गाडीत सुमारे १,२०० माणसे मावतात. म्हणजे तासातून एका गाडीइतकीही माणसे वळविली, तर जवळजवळ दीडशे मीटर कठडा वाचतो.

५. वाहनतळाचे गणित

वाहनतळास किती जागा लागते हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : तासाला किती गाड्या आत येतात आणि प्रत्येक गाडी किती वेळ थांबते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे एका वेळी उभ्या असलेल्या गाड्यांची संख्या. या साध्या नियमातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते.

नातलगांस घेण्यासाठी तासाला ६०० गाड्या येतात आणि प्रत्येक एक तास थांबते असे समजू. त्यांना ६०० जागा लागतील. याउलट काही उतारू आपली गाडी विमानतळावर ठेवून चार दिवसांनी परततात. अशा गाड्या दिवसाला अवघ्या ३०० येत असल्या, तरी त्यांना १,२०० जागा लागतील. दिवसाला तीनशे गाड्या या तासाला सहाशे गाड्यांच्या दुप्पट जागा अडवितात! म्हणूनच अल्पकाळचा वाहनतळ दाराजवळ व दीर्घकाळचा दूर ठेवावा आणि दोहोंचे दर निराळे असावेत, हा नियम सर्वत्र पाळला जातो.

वळणाच्या वाटा धरून एका मोटारीस सुमारे तीस चौरस मीटर जागा लागते. वरील १,८०० गाड्यांना ५४,००० चौरस मीटर, म्हणजे तेरा एकरांहून अधिक जमीन हवी. इमारतीसमोर इतकी मोकळी जमीन जुन्या विमानतळापाशी मिळत नाही, म्हणून वाहनतळ उभा चढवावा लागतो. चेन्नईत २०२२ च्या डिसेंबरात सुमारे दोन हजार मोटारींचा बहुमजली वाहनतळ सुरू झाला. पुण्याच्या लोहगाव विमानतळापुढेही त्याच वर्षी असाच वाहनतळ उघडण्यात आला.

परंतु चेन्नईत भाड्याच्या मोटारी मिळण्याची जागाही या वाहनतळात हलविल्यावर सामान, मुले व वृद्ध यांना घेऊन तेथवर चालत जाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या ठेवून ती अडचण अंशतः दूर करावी लागली. यातील बोध असा की, वाहनतळ व इमारत यांमधील शंभर-दोनशे मीटर हाही प्रवासाचाच भाग आहे, आणि त्याचीही आखणी नकाशावर आधीच व्हावयास हवी.

यावर कोणी म्हणेल की, वाहनतळच लहान ठेवावा, म्हणजे लोक आपोआप मोटारी आणणार नाहीत. पण येथे सावधगिरी हवी. उतारूने स्वतःची गाडी विमानतळावर ठेवली, तर जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोनच फेऱ्या रस्त्यावर होतात. घरच्या माणसाने त्यास सोडले व पुन्हा आणावयास आले, तर सोडण्याच्या दोन व आणण्याच्या दोन, अशा चार फेऱ्या होतात. रिकाम्या परतणाऱ्या भाड्याच्या मोटारीचेही तेच. म्हणजे दुसरी सोय न करता वाहनतळ आवळला, तर रस्त्यावरील गर्दी घटण्याऐवजी वाढू शकते. आधी बस व आगगाडीची सोय, मग वाहनतळावर निर्बंध, हाच क्रम योग्य होय.

आणखी एक अडचण पैशाची आहे. वाहनतळाचे भाडे हे विमानतळाच्या उत्पन्नाचे एक साधन असते. प्रत्येक उतारू मेट्रोने आला, तर शहराचा लाभ होईल, पण विमानतळाची ती मिळकत बुडेल. म्हणून प्रवेशमार्गाची योजना केवळ विमानतळाच्या चालकांवर सोपविता येत नाही. नगराच्या वाहतूक-संस्थांनीही त्यात बरोबरीने भाग घेतला पाहिजे.

६. सार्वजनिक वाहतूक

विमानतळाच्या इमारतीशी आगगाडी थेट जोडण्याची कल्पना नवी नाही. १९३६ साली लंडनजवळील गॅटविक येथे गोल आकाराचे जे टर्मिनल उघडले, ते रेल्वे स्थानकाशी भुयारी वाटेने जोडलेले होते. पण बहुतेक ठिकाणी ही जोड उशिरा मिळाली. लंडनच्या हीथ्रो विमानतळास भुयारी रेल्वे १९७७ मध्ये पोचली, दिल्लीस २०११ मध्ये आणि मुंबईस २०२४ च्या ऑक्टोबरात, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा.

चेन्नईत २१ सप्टेंबर २०१६ रोजी मेट्रो विमानतळापर्यंत आली. स्थानकापासून टर्मिनलपर्यंत चालत जाता येते, आणि आलंदूर येथे दुसऱ्या मार्गावर गाडी बदलता येते. तिरुसूलमचे उपनगरी स्थानक तर पूर्वीपासून होतेच. उपनगरी गाडीचे भाडे फार थोडे, पण सामान घेऊन जिने चढणे-उतरणे व वर्दळीचा रस्ता पार करणे उतारूस जड वाटते. स्थानक जवळ असणे आणि ते सुगम असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून दिसते.

सार्वजनिक वाहतुकीचे सामर्थ्य साध्या तुलनेने कळते. रस्त्याच्या एका पट्ट्यावरून तासाला फार तर अठराशे मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरल्यास २,७०० माणसे झाली. मेट्रोची गाडी दर पाच मिनिटांनी सोडली, तर त्याच तासात १४,००० हून अधिक माणसांची ने-आण होऊ शकते.

मात्र मेट्रोच्या काही मर्यादा आहेत. चेन्नई मेट्रो साधारणतः पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंत चालते, पण आखाती व पूर्वेकडील देशांची अनेक विमाने मध्यरात्रीनंतर येतात-जातात. त्या वेळी रात्रीच्या बसगाड्या नसतील, तर उतारूस मोटारीवाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय विमानतळावर केवळ उतारू येतात असे नव्हे. सामान वाहणारे, सफाई करणारे, पहारेकरी, उपाहारगृहांतील नोकर, यंत्रज्ञ व कारकून असे हजारो लोक तेथे रोज कामास येतात. उतारू वर्षातून एक-दोनदा ही वाट तुडवितो, कर्मचारी ती वर्षातून पाचशे-सहाशे वेळा. त्याची पाळी कधी पहाटे चारला सुरू होते, आणि मोटार त्याला परवडत नाही. सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक प्रथम त्याच्या सोयीने आखले, तर उतारूंची सोय त्यात बहुधा आपोआप होते.

कोवलमच्या गृहस्थाकडे पुन्हा वळू. त्याच्या गावात मेट्रो नाही. त्याने बसने केळंबाक्कम गाठावे, तेथून दुसऱ्या बसने वंडलूर अथवा तांबरमला यावे आणि तेथून उपनगरी गाडीने तिरुसूलमला उतरावे, असा मार्ग आहे. भाडे अल्प, पण दोन ठिकाणी वाहन बदलावे लागते. उतारूस चालत्या गाडीतील वीस मिनिटांपेक्षा फलाटावर ताटकळण्याची दहा मिनिटे अधिक जाचतात, हा वाहतूकशास्त्रातील सर्वमान्य अनुभव आहे. यास्तव नव्या मार्गाइतकेच महत्त्व जुन्या मार्गांच्या वेळा एकमेकींशी जुळविण्यास आहे.

या दृष्टीने किळांबाक्कमचे उदाहरण मननीय आहे. वंडलूरनजीकच्या या ठिकाणी ३० डिसेंबर २०२३ रोजी दक्षिणेकडील जिल्ह्यांच्या गाड्यांसाठी भव्य बसस्थानक उघडण्यात आले. लोहमार्ग अगदी जवळून जात असूनही त्या वेळी तेथे रेल्वे स्थानक नव्हते. त्यामुळे प्रवाशांना उतरल्यावर पुन्हा बस शोधून शहर गाठावे लागले. विमानतळापासून किळांबाक्कमपर्यंत मेट्रो सुमारे पंधरा किलोमीटर वाढविण्याची योजना आखण्यात आली आहे. इमारत आधी आणि वाट मागाहून, हा क्रम प्रवाशांस महाग पडतो.

७. परंदूरचा प्रश्न

मीनंबाक्कमला वाढण्यास जागा नाही, म्हणून दुसऱ्या विमानतळाची चर्चा दीर्घकाळ चालू होती. २०२२ साली कांचीपुरम जिल्ह्यातील परंदूर ही जागा निश्चित झाल्याचे घोषित करण्यात आले आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने योजनेस तत्त्वतः मान्यता दिली. नियोजित क्षेत्र साडेपाच हजार एकरांहून अधिक, म्हणजे मीनंबाक्कमच्या चौपटीहून मोठे आहे. अखेरच्या टप्प्यात वर्षाला दहा कोटी उतारूंची सोय व्हावी असा संकल्प आहे. चेन्नईपासून हे ठिकाण सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे. कोवलमपासून ते त्याहूनही अधिक पडेल.

या भूमीवर अनेक गावांच्या हद्दी आहेत. प्रदेश भातशेतीचा असून गावोगावच्या तलावांनी व कालव्यांनी बांधलेला आहे. तमिळ मुलखात या तलावांना एरी म्हणतात. एका तलावाचे जादा पाणी पुढच्या तलावात, त्याचे आणखी पुढे, अशी ही शेकडो वर्षांची साखळी आहे. प्रकल्पक्षेत्रात सापडलेल्या एकनापुरम गावच्या रहिवाशांनी २०२२ पासून सातत्याने विरोध केला आणि ग्रामसभेत ठरावही केले. त्यांचा प्रश्न केवळ घराच्या मोबदल्याचा नाही. तलाव बुजविला, तर त्याच्या खालच्या तलावांचे व शेतांचे काय होणार, आणि पावसाळ्यातील पाणी कोणीकडे वळणार, हाही आहे. अड्यारकाठी दोनदा मिळालेला अनुभव पाहता हा प्रश्न विमानतळाच्याही हिताचा आहे.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही नीट ऐकला पाहिजे. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर उड्डाणे अमर्याद वाढविता येत नाहीत. विमाने आकाशात घिरट्या घालीत राहिली, तर इंधन व वेळ दोन्ही वाया जातात. उद्योगधंदे व नोकऱ्या सोयीच्या शहराकडे वळतात. समांतर धावपट्ट्यांस मोठी सलग जमीन लागते आणि ती शहराजवळ उरलेली नाही. म्हणून हा केवळ चांगल्या-वाइटाचा वाद नाही. दोन खऱ्या गरजांची ही ओढाताण आहे. अशा वेळी आकडे उघड असणे, पर्यायी जागांची तुलना प्रसिद्ध होणे आणि ज्यांची जमीन जावयाची त्यांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकले जाणे, यांस विशेष महत्त्व येते.

८. दूरच्या विमानतळाचे भवितव्य

शहरापासून दूर बांधलेला विमानतळ यशस्वी होईलच असे नाही. कॅनडातील माँट्रिऑल शहरासाठी १९७५ साली मिराबेल येथे, शहरापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, अतिविशाल विमानतळ उघडण्यात आला. त्यासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन घेतली गेली. देशांतर्गत विमाने जुन्या डॉर्व्हालवर आणि परदेशी विमाने मिराबेलवर अशी विभागणी झाली. त्यामुळे विमान बदलणाऱ्यांस एका विमानतळावरून दुसऱ्यावर सडकेने जावे लागे. योजलेली जलद आगगाडी तर कधीच धावली नाही. उतारू टोरांटोकडे वळले आणि २००४ साली मिराबेलची उतारू-वाहतूक बंद पडली. पुढे टर्मिनलची इमारतही पाडण्यात आली, आणि घेतलेल्या जमिनीचा मोठा भाग शेतकऱ्यांना परत करावा लागला होता.

याउलट हाँगकाँगने १९९८ साली चेक लाप कोक बेटावर नवा विमानतळ उघडला, तेव्हा त्याच वर्षी शहरास जोडणारी खास आगगाडीही चालू केली आणि जुना काई ताक विमानतळ बंद केला. दूरच्या विमानतळाचे यश वाटेवर व जुन्या विमानतळाशी ठरविलेल्या नात्यावर अवलंबून असते, हेच या दोन उदाहरणांवरून ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांस याचे प्रत्यंतर जवळच पाहता येईल. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून विमाने सुटू लागली. त्यासाठी टेकडी फोडावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. जुना विमानतळ चालूच आहे. म्हणजे एका महानगरात दोन विमानतळ अशी स्थिती आली. नेरूळ–उरण लोहमार्ग जवळून जातो, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दक्षिण मुंबईस जोडतो आणि दोन्ही विमानतळांना मेट्रोने जोडण्याची योजना आहे. या जोडण्या किती लवकर व किती सुलभ होतात, यावर त्या विमानतळाचा लोकांना होणारा उपयोग ठरेल.

९. सारांश

या विवेचनातून काही सामान्य नियम काढता येतात. क्षमता ही साखळीसारखी असते. धावपट्टी, इमारत, कठडा, वाहनतळ व रस्ता यांतील जो दुवा सर्वांत दुबळा, तीच सबंध विमानतळाची क्षमता. वाहनतळ, बस व आगगाडी यांचा विचार निरनिराळा न करता एकत्र करावा. वाट आधी किंवा इमारतीबरोबर बांधावी, मागाहून नव्हे. कर्मचाऱ्याच्या रोजच्या फेरीस उतारूच्या क्वचित होणाऱ्या फेरीइतकेच मोल द्यावे. पाण्याची जुनी वाट अडवू नये. आणि ज्यांच्या शेतावर धावपट्टी येणार, त्यांना या योजनेचा हिशेब आधी दाखवावा, कारण त्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम त्यांनीच भरलेली असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावापासून सर्वांत जवळच्या विमानतळापर्यंतचा मार्ग नकाशावर काढा. किती ठिकाणी वाहन बदलावे लागते व प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबावे लागते, याची नोंद करा.

२. तासाला १,२०० मोटारी येतात व प्रत्येक अडीच मिनिटे थांबते, तर कठडा किती मीटर लांब हवा? एका जागेची लांबी सात मीटर धरा.

३. एका वाहनतळावर दिवसाला २०० गाड्या येऊन प्रत्येकी पाच दिवस राहतात. किती जागा लागतील, व त्यांना किती चौरस मीटर जमीन हवी?

४. आपल्या गावच्या बसस्थानकापुढील वाहने एक तास मोजा आणि प्रत्येक वाहन सरासरी किती वेळ थांबते ते लिहा. त्यावरून तेथील कठडा पुरेसा आहे की नाही ते ठरवा.

५. दुसऱ्या विमानतळासाठी जागा निवडताना शहरापासूनचे अंतर, जमिनीचा उपयोग, पाण्याचा निचरा व वाहतुकीची सोय यांपैकी कोणत्या गोष्टीस प्रथम स्थान द्यावे? दोन्ही बाजू मांडून वर्गात चर्चा करा.